मसिंडीची डावी कूस

एंटेबेच्या टॅक्सीत बाळाला घेऊन बसलेल्या अकेलोच्या कानावर मागच्या दोघींचं बोलणं पडत होतं. चिंपांझींच्या अनाथालयात कामाला होत्या त्या.

“ओकोटला आज म्हाताऱ्या मसिंडीच्या पिंजऱ्यात सोडलंस म्हणे?”

“सोडलं बाई. वर्षभर कडेवर वागवलं होतं मी त्या पिल्लाला.”

“मग? घेतलं का म्हातारीनं?”

“घेतलं, पण उजव्या कुशीत. मी पिंजऱ्याकडे धावलेच.”

“धावणारच! बिथरलेली आईच पोराला उजवीकडे धरते.”

अकेलोनं आपलं बाळ हळूच डावीकडे घेतलं.

“मग तिनं त्याला हुंगलं, चाचपलं, आणि...”

“आणि काय? बोल की!”

“डाव्या कुशीत ओढलं.”

“जिंकलीस की गं! मग रडतेस कशाला?”

“मेल्यानं एकदासुद्धा मागं वळून पाहिलं नाही!”