निस्ता दमलो होतो!

...आन् वर म्हणत्यात, व्यंकट पैलवान मातला म्हणून पडला! मातला? अहो, तुमाला सांगतो, म्या दमलो होतो हो... निस्ता दमलो होतो!

आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. येडशीला रामलिंगाच्या जत्रंत बार्शीकडच्या गड्याबरोबर पाऊण तास झोंबलो. पाऊण तास! शेवटाला त्याला चीत केला तवा माझंच मला कळंना, वर कोण आन् खाली कोण. आमचे वस्ताद वजीरभाई, साठीचा माणूस, पळत आले आन् अंगावर माती चोळत कानात म्हणले, "बेटा, कुस्ती आखाड्यात संपत न्हाय, अंगात आठ दिवस चालती. घाम वाळू दे, घोट घोट पाणी पी, बदामाची थंडाई घे, मालिश करतो, आन् झोप. बस्स, झोप!"

झोप? आमच्या तामलवाडीच्या वेशीवर हलगीवाले हुबे! गाडीत बसवून दुपारपातुर मिरवलं, मंग घरोघरी जेवणं सुरू. वस्ताद मागून वरडत्यात, "अरे, निजू द्या रे त्याला!" ऐकतंय कोण? सिताबाई म्हातारी शेवयाची खीर घिऊन दारात, "माझ्या हातचं न्हाय खाल्लंस तर तुझं माझं तुटलं बघ!" खाल्ली. भाऊ मास्तरांकडं पुरणपोळी. खाल्ली. चार दिवसांत अकरा घरं! पोट नगाऱ्यावानी, मांड्या लाकडावानी, आन् जरा डोळा लागला की कुणीतरी हलवून म्हणायचं, "पैलवान, तो डाव कसा टाकला, सांगा की!" बायको, शिवकांता, दार लावून घ्यायची, तर माणसं खिडकीतनं लाडू द्यायची! दमलो होतो हो, लई दमलो होतो...

पाचव्या दिवशी श्रीमंतराव सरपंच आले. "व्यंकट, उद्या तुळजापुराला कुस्त्यांचा फड हाय. गावाची इज्जत तुझ्या हातात." वजीरभाईंनी हात जोडले, खरंच जोडले, "मालक, चार दिवस द्या. पोराचं अंग अजून मोकळं झालं न्हाय." तर श्रीमंतराव हसले, "वस्ताद, एवढा दूध-तूप खाल्लेला गडी दमतोय व्हय?"

अहो, बैलाला सुद्धा पोळ्याला सुट्टी असती! पण मलाबी 'नको' म्हणवंना. वस्तादांनी माझ्याकडं बघितलं, आन् म्या... म्या लंगोट काढला पेटीतनं.

तुळजापुरात समोर गडी कसला, मिसरूड न फुटलेलं पोरगं! तिसऱ्या मिंटाला त्यानं पट काढला, खाली वाकून माझ्या पायालाच मिठी घातली. डोकं म्हणतंय, पाय मागं घे. पाय म्हणतोय, कोण तू? गुडघा असा फिरला, कट्कन वाजला, सगळ्या फडानं ऐकला. माती तोंडात, आन् वर बघतो तर आमचं गाव उठून चाललेलं! गाडीपातुर मला पाठीवर कुणी नेलं? वजीरभाईंनी. साठीच्या माणसानं, एवढं माझं धूड! त्यांच्या मानंवर माझ्या हाताला ओलं लागलं, मला वाटलं घाम हाय... घाम नव्हता हो.

मंग गाव काय म्हणलं? व्यंकट मातला. आन् वस्तादानं खुराक बरोबर दिला न्हाय! तीस वर्षं पोरं घडवली त्या माणसानं. त्याच आठवड्यात तालमीची किल्ली पारावर ठिवली आन् लेकीकडं, बेगमबीकडं तेरखेड्याला गेले. दिवाळीचे फटाके वळत बसायचे म्हणं. म्या भेटायला गेलो काठी टेकत, तर माझा गुडघा मांडीवर घिऊन तेल चोळत बसले. "दुखतंय?" म्हणले. "न्हाय," म्हणलो. पुढल्या उन्हाळ्यात वस्ताद वारले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं, पण रागावलेच न्हाईत...

आता धा वर्षं झाली. गुडघा नीट वाकत न्हाय, पण एक गुण आलाय त्याच्यात. पाऊस यायचा असला की दोन दिवस आधी ठणकतो, कधी चुकत न्हाय. मिरग निघाला की श्रीमंतराव सकाळच्या पारी दारात, पायताण काढून, लई अदबीनं विचारत्यात, "व्यंकटराव, काय म्हणतोय गुडघा?"

म्या तरी काय करू? सांगतो, "ठणकतोय, मालक. पेरा!"