लेक उजळली म्हनाल्या

मी तिकोण्याच्या पायथ्याची, बापाची भातशेती, घरात समद्या पोरीच अन् त्यात मीच काळी. काय सांगू तुमाला भाऊ, पावणे बघायला यायचे तवा आय हळद-पीठ चोळून चोळून अंग सोलून काडायची. एका बाईनं तर बोट थुकीनं ओलं करून माज्या हातावर घासून बघितलं, रंग उतरतो का म्हनून. तवापास्नं माज्यातलं कायतरी गपच झालंय, रडू येत न्हाई, हसूबी बेतानंच.

नवरा भला मिळाला. लेक झाली, चंद्रा, माज्याच रंगाची. सासू म्हनाली पीठ चोळ तिला, मी म्हनलं न्हाई चोळायची, उनाला भिऊन घरातबी डांबायची न्हाई. पोरगी भाताच्या आवणीला चिखलात उतरली की तिचं हसू पार शेवटच्या बांधापतुर ऐकू यायचं, गडीमान्सांशी म्होरं हून बोलायची. बाया म्हनायच्या, हिला कोन करनार. मी निरोपच धाडला, बघायची तर आवणीला या, पाटावर बसवून दावनार न्हाई. लोणावळ्याचं स्थळ आलं, सासरा रेल्वेत. बांधावर हुबं ऱ्हाऊन म्हनला, कामाची हाय, पसंत हाय. मला वाटलं, जितलं आपन.

पर तितं रेल्वेच्या चाळीत शेजारनी पावडरी लावनाऱ्या, चंद्राच्या सासूला लाज वाटाया लागली. तिनं पोरीला उनात जाऊ दिलं न्हाई, दार लावून आत, खानंबी मोजकं, नाजूक दिसावी म्हनून. दिवाळीला माहेरी आली तर आळीतल्या बाया धावल्या, अगं लेक उजळली की तुजी. मी तिची पापनी खाली वडून बघितली. आत लाल कायच न्हवतं. इचारलं तर नुसतं हूं म्हनायची, त्यापरीस जास्त न्हाई.

मी धाडली न्हाई परत. नाचणीची भाकर, गूळ, पालेभाजी, जे व्हतं ते घातलं. आदी उनात बसाया लागली, मग चालाया, मग एक दिस शेतात गेली.

सासरा न्यायला आला. बघत ऱ्हायला, म्हनला, पुन्यांदा काळवंडली की, आता बरेच दिस घरात बसवावी लागंल. मी तोंड उगडायच्या आदी चंद्राच म्हनली, मामंजी, मला न्हाई यायचं. असं सरळ. मला आनंद व्हायला पायजे व्हता, न्हाई झाला. त्यांनी लेकाला दुसरी केली, गोरी बघून. त्या पोरीचं काय झालं कुनास ठावं, तिची कवाकवा आटवन येती.

आता चंद्रा करवंदं, जांभळं पाटीत भरून लोणावळ्याच्या टेसनावर नेती अन् वरडून इकती. लोक अजून म्हनत्यात, नांदाया धाडाया पायजे व्हती. मी भांडत न्हाई. म्हनती, लेक काळी हाय, जित्ती हाय. तुमाला लेकी हायती का भाऊ? औक्ष मिळू दे त्यास्नी. दुसरं कायबी मागू नका.