वीणा खाली टेकत न्हाई

हॅलो? … व्हय, कुंडलच! सोसायटीच्या हापिसातनं बनाबाई बोलतीया. कोण, रंगू वैनी? … मोठ्यानं बोल गं! माझा भाऊ, नाना, कसा हाय? …

गाठ? कशात? … मूत्रपिंडात? अगं, पण ती दोन्ही चार वर्सांमागंच बंद पडली न्हवं? म्हणून तर मुंबईत डायलिसिसच्या मशिनीवर रगात धुत्यात त्याचं! बंद घरात ह्यो भाडेकरू कवा शिरला? …

व्हय… व्हय… लय वर्सं मशिनीवर काढली की आत पाण्याचं फोड येत्यात… आन् त्यातच गाठ धरती… बारीक हाय? आत्ताच काढली तर पसरायची न्हाई? … मग काढा की! अडलंय कुठं?

… सप्त्यासाठी? आपरेशनच्या कागदावर नाना सही करंना?

थांब जरा. आप्पासो, गप बसा की! … अगं, सारी सप्ता कमिटी फोनला कान लावून बसलीया. आप्पासो म्हणत्यात, बंद मूत्रपिंड काय करतंय, काला झाल्यावर काढा. … व्हय, तेच! परवा बुवा कीर्तनात म्हणालं, देहाची आसक्ती सोडा, तर आप्पासो डोळं पुसत हुतं. काल दाढ ठणकली तर मोटार करून सांगलीला पळालं! दुसऱ्याच्या देहाची आसक्ती लगीच सुटती ह्यांची.

दे नानाला. … दे गं!

नाना? ऐक रं… सप्त्यात पहाटं वीणा धरायचा पहारा तुझा, ठावं हाय… व्हय, सप्ता उठंपतोर वीणा खाली टेकत न्हाई. मला शिकवतोस व्हय? अरं, म्हणूनच तर एकाच्या गळ्यातनं दुसऱ्याच्या गळ्यात देत्यात! … कुणी न्हाई? मी हाय की! … बाई हाय म्हणून काय झालं? … हां, आप्पासोबी उठून हुबं राह्यलं बग. आप्पासो, मग तुमी घ्या पहाटंचा पहारा! … बसलं, नाना. थंडी बाधती म्हणत्यात.

… रडू नगं रं. भ्या मलाबी वाटतंय. पण इतकी कीर्तनं ऐकली, देवानं कवा कुणाची गाठ मागितल्याली न्हाई ऐकली. … करतोस सही? … रंगूम्होरं कर, आत्ताच!

… आपरेटर बाई, लाईन तोडू नका वो, एवढं ऐकू द्या! … नाना? … केलीस? … माझ्या इठ्ठला! …

आता ऐक. वीणा माझ्या गळ्यात. बरा हो, आन् फुडल्या सप्त्याला तूच येऊन काढून घे… हॅलो? … हॅलो?

कटला.

व्हय, आप्पासो, ठेवते. फोन तेवढा ठेवते.