डॉल्फिनच्या डोक्यावरचं भोक

डॉल्फिनच्या डोक्यावरचं भोक मीच दाभणानं शिवून टाकलं. कुनी सांगितलं न्हवतं.

आमी भाजे गावचं, समुद्र कुटं बघितलाय? भाताची लावणी उरकली की मी आन् माजी बायको सुमन लोणावळ्याच्या पान्याच्या पार्कात कामाला जातो. प्राण्याचा पोशाख घालून पोरांपुढं हात हलवायचं काम. दोन पोशाख व्हते, शार्क आन् डॉल्फिन. मी म्हनलं, हसरा डॉल्फिन मी घेतो, शार्क तुला शोभतोय. तिनं शार्क अंगात चढवला. आता काय सांगू तुमाला, शार्कच्या मानंला दोन्ही अंगानं चिरा, जबडा उघडा, हिला आत नुसता वारा. माजं तोंड हसरं पन मिटलेलं, डोळ्याला काळी काच, आन् हवंला डोक्यावर ते एकच भोक. त्यातनं पावसाचं पानी मानंत, मानंतनं पाठीत. म्हनून सुतळीनं शिवलं, दोन टाकं जास्तीच घातलं.

दुसऱ्याच दिवशी नेमकं ऊन पडलं, आन् शाळेची ट्रिप आली. बाईंनी आमाला शेजारी उभं केलं आन् शिकवायला लागल्या, बघा मुलांनो, शार्क हा मासा, त्याच्या अंगात हाड नसतं, आपल्या कानासारखं लवचीक असतं सगळं, तो कल्ल्यांतून श्वास घेतो. डॉल्फिन मासाच नव्हे, पिल्लाला दूध पाजतो, त्याला आपल्यासारखी फुप्फुसं, डोक्यावरच्या भोकातून हवा घेतो, ते बंद झालं तर मरेल बिचारा.

बिचारा आत ऐकत व्हता! बाई आदल्या दिवशी आल्या असत्या तर? पोशाखाची चेन पाठीला, ती दुसऱ्यानंच उघडायची, हाताला बोटांऐवजी पंख, आन् पार्काच्या सायबाचा नियम की पोशाखात बोलायचं न्हाई. नियम मोडून बोंबललो, तर पार्कातल्या गान्याच्या आवाजात कुनाला ऐकू जातंय? हातपाय झाडलं, तर पोरं म्हनली, डॉल्फिन नाचतोय, आन् टाळ्या. डोळ्यापुढं अंधारी आली.

सुमनला तेवढं कळलं. हा मानूस सोताच्या वरातीत नाचला न्हाई, हितं कशाला नाचंल? तिनं चेनला हात घातला, पन बोटं तिला बी न्हाईत. मग मला खाली पाडलं, शार्कच्या जबड्यातनं सोताचं तोंड भाईर काढलं आन् सुतळी दातानं तोडली. पोरं वरडली, शार्कनं डॉल्फिनचं डोस्कं खाल्लं! दोघं-तिघं तर रडाय लागली. मी आपला भोकातनं हवा वढत पडलेलो, हसऱ्या तोंडानं.

अजून मीच डॉल्फिन हाये. रोज सकाळी सुमननं चेन लावायच्या आधी मी भोकात बोट घालून बघतो. काल म्हनलं, सुमे, एक दिवस अदलाबदल करू, शार्क दे मला. ती म्हनली, शार्कला हाडं नसली तरी डोस्कं असतंय. तुमाला न्हाई जमायचं.