नव्याण्णव टक्के

जयनगरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कानडी गजबजाटात मराठी कानावर पडली, तशी रांगेतल्या सिद्धीने मान वर केली. पुढचे म्हातारे गृहस्थ रिकाम्या हातांनीच आले होते.

"गिरीराज, रक्षिताच्या गेममध्ये ग्राफिक्स कार्ड सारखं नव्याण्णव टक्के दाखवतंय. हे नॉर्मल आहे का रे?"

"खेळताना तेवढं जातंच, अण्णा."

"खेळत कुणीच नाही. तिने बनवलेली मुलगी नुसती तळ्याकाठी उभी आहे."

"मग बंद करा की."

"पुन्हा उघडायला पासवर्ड लागतो. तो तिलाच ठाऊक होता."

"कधीपासून चालू आहे?"

"दवाखान्यात निघताना म्हणाली, 'अप्पा, बंद करू नका, आलेच मी.' काल तिचं तेरावं झालं."

"सरी, ठीक आहे अण्णा. घरी येतो. चालू ठेवूनच स्वल्प धूळ काढतो."

"आणि वीज गेली तर रे?"