शेगडीचा शेक

दवाखान्यातल्या बाकावर बद्रीनाथरावांनी संकोचून वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. शेजारी मायलेकी कुजबुजत होत्या.

"आई, मी ऑपरेशन करून छाती भरून घेतली होती. बाळंतीण नव्हते! शेगडीचा शेक कशाला दिलास?"

"सूज व्हती ना, माय. मला वाटलं, शेकानं उतरंल."

"कातडी बधिर होती. चटका बसलेला कळलासुद्धा नाही."

"मग वरडली का नाहीस?"

"कळलंच नाही म्हणते ना!"

"डावी लईच लाल दिसती गं. व्हईल ना उजवीवानी?"

"नाही झाली, तर आत भरलेलं काढावं लागेल."

"मी येते आत. सांगते, चूक माझी हाय."

"नको. तू डॉक्टरांच्या पायाच पडशील."

"प्रेरणा कोण?" नर्सनं दारातून विचारलं.

प्रेरणा उठायच्या आत आईच दाराकडे निघाली.