अर्धी अर्धी गोळी

(अमेरिकेतलं सॅन अँटोनियो शहर. दवाखान्याच्या आवारात उभी गाडी. आत ओफेलिया आणि तिच्या मुलीची, यारेलीची, धर्ममाता देल्फिना. दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात.)

ओफेलिया : गाडी वळव, कोमाद्रे. मी आत यायची नाही.

देल्फिना : वळवते की. पण कारण सांग. दवाखान्याचे फोन येतात आणि तू फोन उशीखाली दाबतेस.

ओफेलिया : डॉक्टरीणबाईंना तोंड कसं दाखवू? दर वेळी विचारायच्या, उदासीवरची गोळी रोज घेता ना? मी म्हणायचे, हो.

देल्फिना : धडधडीत खोटं!

ओफेलिया : खोटं कुठे? रोज घेतच होते. अर्धी.

देल्फिना : आणि उरलेली अर्धी माझ्या पोटात.

ओफेलिया : मग काय करायचं होतं? तू माझ्या स्वयंपाकघरात बसून रडायचीस. तुझ्याकडे इथे राहायचे कागद नाहीत, दवाखान्याचं नाव काढलं तरी पांढरीफटक पडायचीस. घरात मक्याच्या पिठाचा एकच वाफवलेला तमाल असला तरी आपण अर्धा पुढ्यात ठेवतो ना?

देल्फिना : तमाल आणि औषध एकच का गं, बये?

ओफेलिया : बाई म्हणाल्या, माझंच काही चुकतंय, हे औषध तुम्हाला लागू पडत नाही. बिचाऱ्या स्वतःला दोष देत बसल्या. मला इतकी लाज वाटली, की जायचंच सोडलं.

देल्फिना : मला का नाही बोललीस?

ओफेलिया : तू तुझी अर्धी सोडली असतीस.

देल्फिना : घ्यायलाच नको होती मी. तू दिलीस, पण हात तर मीच पुढे केला ना! यारेलीचा पंधरावा वाढदिवस आला आणि तू अंथरुणातून उठली नाहीस. तुझा नवरा आपला दारात उभा, 'जोर लाव, बाई, जरा जोर लाव.' चिखलात रुतलेला ट्रक आहेस जणू.

ओफेलिया : लावला होता गं जोर. पायच खाली टेकवेनात.

देल्फिना : माहीत आहे मला. मला नाही तर कुणाला?

ओफेलिया : त्या दिवसाचं मी कुणाला काही विचारलंच नाही. मुकुट... तूच घातलास ना तिला?

देल्फिना : पंधराव्या वाढदिवसाचा मुकुट आईनं घालायचा असतो. पोरगी शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. मग घातला मीच.

ओफेलिया : सरळ बसला?

देल्फिना : वाकडा. मीही अर्ध्या गोळीवरच होते ना.

ओफेलिया : अगं, तू कुठे उतरतेस?

देल्फिना : आत. माझ्या नावाची गोळी मागायला. इथे कागद विचारत नाहीत, फोन करून खात्री केलीय. आधी करायला हवा होता तो फोन.

ओफेलिया : आणि बाईंना काय सांगायचं?

देल्फिना : खरं. एका माणसाचं औषध दोघींनी खाल्लं, म्हणून दोघीही आजारीच राहिलो.

ओफेलिया : हसतील.

देल्फिना : हसू देत. तुझ्याबरोबर मीही उभी असेन ना. चल, दार उघड.

ओफेलिया : कोमाद्रे, फोटोत मुकुट वाकडाच राहणार गं.

देल्फिना : हो. तो आता वाकडाच. उतर.